साखर टोचल्यावरचा तास

इंजेक्शन टोचून झाल्यावर नर्सने केदारला बजावलं होतं, की तासभर बोलायचं नाही आणि हसायचंही नाही, नाहीतर मानेचा स्कॅन बिघडेल. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या त्या हॉस्पिटलात तो मुकाट पडून होता. एवढ्यात पडद्यापलीकडून मराठी कानावर आलं.

"निधी, ह्यांना टोचलं तरी काय गं?"

"साखर, आई. किंचित रेडिओअ‍ॅक्टिव्ह. बाबांच्या मानेतली रक्तवाहिनी कडक झालीय ना, तिथे आत सूज अजून धगधगत असेल तर साखर तिकडेच धावते. स्कॅनमध्ये ती जागा उजळते."

"आणि धगधगत नसेल तर?"

"मग जुनं दुखणं, निवलेलं. पण बाबा बोलले तर गळ्याचे स्नायूच साखर खातील. म्हणून तासभर चकार शब्द नाही."

"चकार शब्द नाही? मग अहो, ऐका. मी ड्रायव्हिंग शिकतेय."

"आई! आत्ता?"

"मग कधी? लेखी परीक्षा पासही झाले. शेजारी निधी बसते. हातवारे नका करू, स्कॅन बिघडेल."

"बाबा लालबुंद झालेत गं."

"होऊ देत. मंगळवारी आम्ही हायवेवर जाणार आहोत."

अखेर पलीकडे नर्स येऊन तास संपल्याचं सांगून गेली.

"बाबा, आता बोला."

पलीकडच्या गृहस्थांनी घसा खाकरला.

"मंगळवारी निधी मागे बसेल. शेजारी मी बसणार."

"तुम्ही कशाला?"

"कुठे वळायचं ते तुला कोण सांगणार?"

केदारचा तास अजून संपला नव्हता. त्याने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.