मोटारीचं जुनं मेण

लढाईच्या दिवसांत शहाद्याच्या घासलेटच्या रांगेत धनुबाई रिकामी बाटली घेऊन ताटकळली होती. पुढे म्हातारी भिकुबाई, आणि तिच्यापुढे मोठा डबा घेतलेला रूपचंद शेठचा ड्रायव्हर गिरधर. धनुबाईचे कान तिकडेच लागले.

“भाऊ, इतकं घासलेट कसाले?” भिकुबाईने गिरधरला विचारलं.

“मोटारले चोळाले, माय. दर दसराले नवं मेण लायं, जुनं कधी काढंच नही. आते सगळा रंग पिवळा पडी गया. मेण घासलेटनीच निंघस.”

“आमना घरमा दिवा लागत नही, आन शेठनी मोटार घासलेटनी आंघोळ करी ऱ्हायनी.”

“परवा शेठना पोऱ्यानी वरात शे. मोटार चमकाले पाहिजे.”

“पेट्रोल भेटस का पण?”

“कोठलं, माय. मोटारले बैल जुपसूत.”

“मंग बैलसलेबी चोळ थोडं. वरातमा पहिलं तोंड त्यासनंच दिसई.”