थांबवलेलं इंजेक्शन

मुलगी : म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन तुम्ही स्वतःच्या मनानं थांबवलंत?

सिस्टर : हो. त्यांना फोन केलाय, ते निघालेत. ताई, जरा बाजूला व्हा, मला वडिलांची छाती दिसू दे.

मुलगी : काल खुब्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. कळ सोसवत नाही म्हणून सकाळभर रडत होते. आता कुठे डोळा लागलाय, तर तुम्ही गदागदा हलवताय!

सिस्टर : डोळा लागलेल्या माणसाला असं हलवलं तर तो शिव्या घालतो. हे हूं की चूं करत नाहीत. अण्णा! अहो अण्णा, डोळे उघडा! बघा, एक श्वास झाला की दुसरा यायला किती वेळ लागतोय. डोळ्यांच्या बाहुल्या तर टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. घरून काही दिलंत यांना?

मुलगी : वा! सकाळचं इंजेक्शन तुमच्या हातचं, आणि चोर आम्ही? डोस जास्त झाला असेल तुमच्याकडून. अंगाशी आलं म्हणून आमच्या गळ्यात घालताय.

सिस्टर : तसंही असू शकतं. म्हणून आधी माझंच तपासलं. सकाळची कुपी दुसऱ्या सिस्टरना दाखवून आले. डोस बरोबर होता. ऑक्सिजन लावलाय, पण अंगात अजून काहीतरी गेलंय, हे नक्की.

मुलगी : मग वहिनीला विचारा. सकाळी सूप तिनं आणलं होतं.

मुलगा : तिला कशाला मध्ये ओढतेस?

मुलगी : तू नजर का चुकवतोयस दादा?

सिस्टर : भांडण नंतर. दादा, हात लावा, यांना कुशीवर घ्यायचंय.

मुलगा : नको! म्हणजे... पाय दुखेल त्यांचा.

सिस्टर : पाय मी धरलाय. तुम्ही खांदा धरा. हं... ही गरम पाण्याची पिशवी कोणी ठेवली पाठीला?

मुलगा : मी. शेक बरा वाटतो त्यांना.

सिस्टर : आणि तिच्याखाली ही पट्टी कसली?

मुलगा : दुखण्यावरची. साधीच आहे.

सिस्टर : साधी नाही ही. आम्ही जे टोचतो त्याच जातीचं औषध कातडीतून सोडते. त्यावर तुम्ही शेक दिलात, म्हणजे ते भराभर आत गेलं. मी आता इंजेक्शन दिलं असतं तर श्वासच थांबला असता. कुठून आणलीत?

मुलगी : आईची आहे ही. कॅन्सरच्या वेळची. दादा, आईची पट्टी तू अण्णांना लावलीस?

मुलगा : आई हिच्यानंच शांत झोपायची ना! अण्णांचं कण्हणं ऐकवेना मला. सिस्टरना सांगितलं असतं तर काढायला लावली असती.

सिस्टर : काढली मी. अहो, कोण आहे तिकडे? उताऱ्याचं इंजेक्शन आणा, आणि डॉक्टरांना सांगा, पाठीवर पट्टी सापडलीय!

(डॉक्टर धावत येतात. उतारा दिला जातो. काही वेळानं अण्णा डोळे उघडून पाणी मागतात. डॉक्टर अतिदक्षता विभागात खाट मिळवायला जातात.)

मुलगी : सिस्टर, मघाशी तोंडाला येईल ते बोलले मी.

सिस्टर : असू दे. खाटेपाशी संशय घेणारं एखादं माणूस असलेलं बरं. पण अजून गंगेत घोडं न्हालेलं नाही. उताऱ्याचा जोर लवकर ओसरतो, कातडीत मुरलेलं औषध मात्र झिरपत राहतं. तिकडे हलवेपर्यंत मी इथून हलत नाही. तुम्ही त्यांना बोलतं ठेवा. दादा, घरी अशा पट्ट्या आणखी आहेत?

मुलगा : नाही. संपल्या.

मुलगी : संपल्या कशा? आई गेली तेव्हा खोकं भरलेलं होतं. मीच कपाटात ठेवलं.

मुलगा : फेकल्या असतील कुणीतरी.

सिस्टर : दादा, जरा इकडे बघा. असे दिव्याकडे. हं... तुमच्याही बाहुल्या टाचणीएवढ्याच. बाही वर करता?

मुलगी : त्याची कशाला? त्याला काय झालंय?

मुलगा : काही नाही झालं गं. आई गेल्यापासून झोप लागत नाही, एवढंच.