रेडिएटर थंड

आमचं घर उदगीरचं, लिंगायत, वडिलांचं किराणा दुकान आणि आईची भाषा कानडी. आम्ही कुठं निघालो की आई डोक्यावर हात ठेवून म्हणायची, निन्न होट्टे तण्णगिरली, म्हणजे तुझं पोट थंड राहो. थंड म्हणजे सुख, थंड म्हणजे सगळं नीट, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं याच एका शब्दावर घडलं. मला वाचायचा नाद होता, कॉलेज जमलं नाही म्हणून आयटीआय केलं, आणि देगलूरच्या अलीकडं वीज उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून लागलो, तिथूनच निवृत्त झालो.

गंगाराम माझ्या हाताखाली होता असं कागदावर होतं, खरं तर मी त्याच्या हाताखाली शिकलो. हिमायतनगरकडचा माणूस, चौथी शिकलेला, मला अप्पा म्हणायचा. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या पोटात, म्हणजे टाकीत, तेल असतं, काय सांगू तुम्हाला, ते तापतं, वर चढतं, बाजूच्या पातळ पत्र्यांच्या पोकळ पाकळ्यांतून, म्हणजे रेडिएटरमधून, खाली उतरताना निवतं आणि खालून परत पोटात जातं, कुणी ढकलायला लागत नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं, गंगारामनं हातानं दाखवलं. म्हणाला, अप्पा, इथं वर हात लाव, ऊन लागतंय? आता खाली लाव, कोमट हाय ना? वर ऊन, खाली कोमट, म्हंजी गडी फिरून राहिला. मग हसला, साहेबाला बसल्या जागी कूलर लागतो, ह्या बिचाऱ्याला निस्ता वारा.

एका उन्हाळ्यात रेडिएटर गळायला लागले. आमच्या इंजिनिअर साहेबांनी बाहेरची माणसं आणली, वरचे-खालचे व्हॉल्व्ह बंद करून रेडिएटर काढले, जोडले, परत बसवले, आणि साहेबांनी काम पूर्ण म्हणून सही केली. व्हॉल्व्ह मात्र कुणी उघडलेच नाहीत. तेलाची वाटच बंद. साहेबांनी एकदा हात लावून बघितलं असतं तर, पण साहेब सही करतात, हात लावत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोड चढला, शेतातल्या मोटारी सुरू झाल्या, आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला. गंगाराम सावलीच्या बाजूला गेला, हात लावला, आणि धावत आला, अप्पा, लिव्ह, रेडिएटर थंड. मी लॉगबुकात शेऱ्याच्या खान्यात तेवढंच लिहिलं, रेडिएटर थंड, स्वच्छ अक्षरात. आमच्या दोघांत त्या दोन शब्दांचा अर्थ धोका असा होता. तो तिसऱ्याला सांगावा लागेल हे मला सुचलं नाही, मला, पुस्तकं वाचणाऱ्याला.

फोन केल्यावर साहेब जीप घेऊन आले. लॉगबुक बघितलं, रेडिएटरवर हात ठेवला, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, माठासारखं गार आहे, काय लोकांना घाबरवता? काटा बिघडलाय, त्याच्या ट्रिपची वायर काढा. गंगाराम म्हणाला, साहेब, टाकी भाजून राहिली, अन् हे गार हाय, हेच तर वंगाळ हाय, शटडाऊन द्या, व्हॉल्व्ह बघू. साहेब म्हणाले, चौथी पास माणूस मला इंजिनिअरिंग शिकवणार? काल शटडाऊन घेतलं, आज परत घेऊन काय मी वर सांगू, माझं काम चुकलं म्हणून? एवढी भीती वाटते तर पाणी मारा. आणि गेले.

वायर मी काढली, म्हणजे फार तापलं की आपोआप बंद पडायची सोयच काढली. हे लिहा. ब्रेकर माझ्या हाताशी होता, मला तो पाडून वीज तोडता आली असती, नोकरी गेली असती फार तर. मी नाही पाडला.

गंगाराम पाइप धरून टाकीवर पाणी मारत राहिला. मी आत काट्याकडं बघत होतो. आतून दणका बसला, वरची झडप फुटली आणि उकळतं तेल त्याच्या अंगावर आलं. नांदेडच्या दवाखान्यात सहा दिवस होता. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, अप्पा, उघडले का रे व्हॉल्व्ह?

चौकशीत साहेबांनी माझंच पान पुढं ठेवलं. बघा, ऑपरेटर स्वतः लिहितो, रेडिएटर थंड, म्हणजे थंड करण्याची व्यवस्था चोख होती, मयत कामगार आपल्या मनानं जवळ गेला. मी उठून चौकशीवाल्यांना सांगितलं, साहेब, थंड म्हणजे बंद. ते म्हणाले, तसं लिहिलेलं नाही. गंगारामची बायको जनाबाई दारात उभी होती, तिनं मला एवढंच विचारलं, दादा, तुमाला लिव्हता येतं ना?

साहेब हुद्द्यानं चढत गेले. मागच्या महिन्यात ते लातूरहून इथं उदगीरला आले, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन, मुलगी सोबत. माझ्या बायकोनं पाणी दिलं. साहेब म्हणाले, झालं गेलं विसरा अप्पा, पोरीला आशीर्वाद द्या. पोरगी वाकली, तिचा काय दोष, मी डोक्यावर हात ठेवला. आईचे शब्द ओठांपर्यंत आले, आणि तिथंच थांबले. सुखी राहा म्हणालो. साहेबांनी हात पुढं केला, तो मी घेतला नाही. म्हणालो, रेडिएटरला लावला होता ना हाच, तेव्हा काही कळलं नाही, आता माझ्या हातातून काय कळणार? ते उठले. चहा तसाच राहिला.

तुम्ही लिहून घेताय म्हणून त्या पानावर जे हवं होतं ते आज सांगतो, माझी भाषा सुधारू नका, एवढं मात्र पुरं लिहा: टाकी गरम, रेडिएटर थंड, तेल फिरत नाही, व्हॉल्व्ह बंद आहेत, गंगारामनं सांगितलं. त्याचं नाव शेवटी नको, आधी घ्या. आणि छापून आलं की जनाबाईला मीच वाचून दाखवीन.