जमालुद्दीनचं ढाका स्टेडियम

नाही नाही, इतक्या घाईने जबाब लिहू नका, शिरीषसाहेब. आधी माणूस कोण ते ऐका. तुम्ही सेफ्टी ऑफिसर, त्यात पुण्याचे, मराठीत बोलता येतंय म्हणून सांगतोय — नाहीतर मी, मुख्तार फोरमन, एका ओळीत मोकळा झालो असतो. जमालुद्दीन परवा दुपारी मैदानावर उन्हाने कोसळला, आयसीयूत आहे, एवढं तुमच्या कागदावर आहेच. पण तो साधा लेबर नाही. बहारीनच्या या सखीरच्या वाळूत गवत जगवणारा आमच्याकडे तो एकच. कुठे शिकला? ढाक्याच्या नॅशनल स्टेडियमवर. त्याचा बाप तिथे धावफलकावर आकड्यांच्या पाट्या लावायचा. पाकिस्तानचं राज्य होतं तेव्हा — पंचावन्नच्या जानेवारीत आपली टीम तिथे टेस्ट खेळली, पाकिस्तानात झालेली पहिलीच टेस्ट, तेव्हापासून बाप तिथे. असं जमाल सांगतो, मी काय बघायला गेलो नव्हतो.

आणि एकाहत्तरचं तर बापाकडून ऐकून ऐकून त्याला पाठच आहे. मार्चची पहिली तारीख, मॅच चालू, लोकांच्या कानाला ट्रान्झिस्टर. दुपारी एकच्या सुमाराला बातमी आली — असेंब्लीची बैठक पुढे ढकलली. म्हणजे काय? बंगाल्यांनी निवडणूक जिंकली ती फुकट. झालं — स्टँडच्या स्टँड उठले, तंबू पेटले, खेळाडूंना कसंबसं बाहेर काढलं, लोक तिथून जे रस्त्यावर गेले ते देश घेऊनच थांबले. आणि जमालचा बाप? धावफलकामागे उभा. तिथल्या साहेबाने बजावलं होतं, मी येईपर्यंत जागा सोडायची नाही. धूर आत यायला लागला तरी उभा. शेवटी कोणीतरी हाताला धरून ओढलं, तेव्हा बाहेर आला. जमाल हे हसत सांगायचा, मला कधी हसू आलं नाही. त्यांच्या घरातच आहे ते — वरच्याने सांगितलं की करायचं, धूर बघायचा नाही, ऊन बघायचं नाही, मी म्हटलं जा तर —

नाही. तसं नाही म्हणालो. उन्हाळ्यात बारा ते चार बाहेरचं काम बंद, कायदा आहे, तो बोर्ड मीच लावलाय. मी कशाला पाठवेन?

तुम्ही पुढचं ऐका. दोन हजार साली बांगलादेशची पहिली टेस्ट, त्याच स्टेडियमवर, पुन्हा आपल्याच टीमशी. जमाल पंचविशीतला, पिचवर रोलर ओढायला. पाच वर्षांत क्रिकेट मीरपूरच्या दुसऱ्या मैदानावर गेलं, तिथे फुटबॉल राहिला. पिच उखडायचा हुकूम झाला. म्हणाला, “मुख्तारभाई, ज्या हाताने माती दाबली त्याच हाताने उकरली.” कोणाशी भांडला नाही. स्टँडखाली टीव्ही-फ्रिजची दुकानं आहेत, तिथे थोडे दिवस खोकी उचलली, मग इकडे आला. आता त्या स्टेडियमचं नाव बदललं, नवं गवत बसवलं. फोनवर फोटो बघत बसायचा, आपली पिच कुठे होती ते शोधत —

काय? शुद्धीवर आलाय? कधी?

सकाळी. मग इतका वेळ गप्प का बसलात? अल्हमदुलिल्ला. बोलला का? काय बोलला?

पुन्हा वाचा. “मी माझ्या मनाने गेलो. मुख्तारभाईंना माहीत नव्हतं.” सही पण केली त्याने? मग आता त्याचं काय? नियम त्याने मोडला, म्हणजे व्हिसा कॅन्सल, बरा होवो न होवो, विमानात बसवणार. आणि विषय खलास, मी मोकळा. असंच ना?

दार लावा जरा.

खोटं बोलतोय तो. संध्याकाळी पाहुणे यायचे होते, मधला पट्टा पिवळा पडलेला, मला वरून फोनवर फोन. तो जेवायला बसला होता. मी डबा झाकायला लावला. म्हणाला, “भाई, चारनंतर केलं तर?” मी म्हटलं, यल्ला, चल ऊठ, अर्ध्या तासाचं काम आहे. पाण्याचा पाइप खांद्यावर टाकून गेला. मी इथे एसीत बसलो, फोन घेत राहिलो. दीड तास. अर्धा तास झाल्यावर हाक मारायला हवी होती, मारली नाही. मी बोलावल्याशिवाय तो यायचा नाही, हे मला ठाऊक होतं, साहेब — बापाची ती गोष्ट दहा वेळा ऐकलीय मी.

लिहा. वेळ दुपारी पाऊण वाजता. पाठवलं कोणी — मुख्तार, फोरमन. ‘बहुतेक’ वगैरे घालू नका. नोकरी जाईल, जाऊ दे, त्याहून वाईट होईल तेही कळतंय. माझ्या बायकोला, आमिनाला, घरी मी सांगेन.

झालं? द्या, सही करतो.

आता उठा तुम्ही. बाहेर जमालच्या खोलीतली माणसं बसलीत कधीची. त्यांना मीच सांगतो. जा.