ताराकाकूंचा पाळणा आणि खारकेएवढा दोष

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या! कुणाचं बोलणं कानाला टोचलं, तर दोष कुणाचा? बोलणाऱ्याच्या गळ्याचा? — अहो, माना डोलवायची घाई करू नका! मीही केली होती. फसलो!

ऐका. आमच्या गावच्या राममंदिरात जुना कर्ण्याचा स्पीकर. सागवानी खोकं — लपाछपीत दोन पोरं मावतील एवढं! — आणि वर भलामोठा कर्णा. रामनवमीला त्यावरून पाळणा म्हणायच्या ताराकाकू. चाळीस वर्षं! बाराच्या ठोक्याला काकूंचा सूर निघाला, की पलीकडच्या वाडीतल्या बाया लाटणं खाली ठेवायच्या.

पण एका वर्षी काय झालं! काकूंनी सूर लावला आणि कर्णा किंचाळला — कर्र्र! एकजण पटकन म्हणाला, "काकूंचा गळा गेला हो!" झालं! जिभेला काय हाड असतं? गावभर तेच! काकू म्हणाल्या, "पुढच्या साली पाळणा दुसरीला द्या. माझ्या रामाच्या कानाला तरास नको." आणि पदर डोळ्यांना लावला. वाईट वाटलं, मंडळी!

आता स्पीकरची निगा नव्हती का? होती की! दर खंडेनवमीला कर्ण्याला हळदकुंकू, झेंडूचा हार, नवा सोनेरी रंग! पण मागचे चार स्क्रू? — छे! पुजलेल्या वस्तूची पाठ कुणी उघडतं होय?

देवस्थानच्या अण्णांनी खोकं मोडीत काढायचं ठरवलं. ते बघायला रेडिओ दुरुस्त करणारे दस्तगीरमामा आले. म्हणाले, "हार काढा आधी!" स्क्रू काढले. आत कोळिष्टकं, आणि मधोमध खारकेएवढा कपॅसिटर — फुगलेला!

"महाराज, इथं आवाजाची वाटणी होते," मामा मला सांगू लागले. "जाड आवाज खालच्या स्पीकरला, बारीक वर कर्ण्याला. जाडाला वर जाऊ द्यायचं नाही, हे ह्याचं काम. हा मेलाय. सगळंच कर्ण्यात घुसतंय, मग तो बोंबलणार नाही तर काय?"

अण्णा म्हणाले, "त्यापेक्षा नवाच आणू की! लुकलुक दिव्यांचा!"

"सागवान टाकून लुकलुक आणता? थांबा. होता त्याहून चांगला कपॅसिटर बसवतो." बसवला!

रामनवमी उजाडली. बाराला दोन मिनिटं — काकू माइकला हात लावीनात! मामा म्हणाले, "तारक्का, एक ओळ म्हणा. किंचाळला, तर कर्णा विहिरीत टाकतो!"

काकूंनी भीतभीत सूर लावला — आणि काय सांगू! लोणी हो, लोणी! गुलाल उडाला, सुंठवडा सांडला, अण्णा नाचले! काकू मध्येच थांबून म्हणाल्या, "अगं बाई, ही मीच का?"

आता विचारा, 'गळा गेला' म्हणणारा तो पहिला एकजण कोण? — हाच! तुमच्यापुढं चिपळ्या घेऊन उभाय! तिथंच काकूंचे पाय धरले. त्या हसल्या. "उठा महाराज, सुंठवडा खा. घसा तुमचाच बसलाय!"

तर मंडळी, आज घरी जाल. सासूबाई टोचून बोलल्या, म्हातारा बाप ओरडला असं वाटलं, तर त्यांच्या गळ्याला नावं ठेवू नका. आपल्या आत काय फुगलंय ते बघा! गंध-माळा तर रोजच चालू आहेत. आज हार बाजूला ठेवा — आणि मागचे चार स्क्रू काढा! बोला, ताराकाकूंच्या रामरायाचा जयजयकार!