अठ्ठावीस इंचांचा ओटा

(अप्पारावांच्या हत्यारांच्या दुकानात.)

अप्पाराव : ती ठेवा ताई. ती फांद्या तोडायची करवत. लाकडाचे नुसते लचके तोडती.

मंजुषा : मग ही? हिचे दाते बारीक आहेत.

अप्पाराव : आधी लाकूड कोणतं हाय ते सांगा.

मंजुषा : सागवानी. शेजारच्यांनी जुनं दार काढलं, चौकटीसकट. चौकटीचे पाय करायचेत आणि फळ्या वर.

अप्पाराव : म्हंजे टेबल. मिस्टरांना पाठवायचं ना, इथंच दाखवलं असतं.

मंजुषा : सोमनाथला भिंतीत खिळा ठोकता येत नाही. मीच करणार आहे. आणि टेबल नाही, ओटा. माझ्या सासूबाईंसाठी.

अप्पाराव : गुडघे गेले का त्यांचे?

मंजुषा : उजवा पाय काढावा लागला, शुगरमुळं. चार महिने झाले, व्हीलचेअरवर आहेत. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतात, ओट्याकडं बघतात आणि खुर्ची मागं फिरवतात.

अप्पाराव : सुतार नाय मिळाला?

मंजुषा : दोघं आले. एक म्हणाला, आता तरी आराम करू द्या म्हातारीला. दुसरा मापं घेऊन गेला तो गेलाच.

अप्पाराव : हं. हा तुकडा घ्या, कापून बघा. मूठ अशी नाय, एक बोट पात्याच्या बाजूनं सरळ ठेवा.

मंजुषा : अडकतेय हो.

अप्पाराव : तुम्ही दाबताय म्हणून. जबरदस्ती नाय करायची. तिच्या वजनानं जाऊ द्या, लांब ओढा. हां... बराबर!

मंजुषा : गेली की!

अप्पाराव : मग हीच न्या. आडवं कापायला हीच पाहिजे. उभं चिरायला मोठ्या दात्यांची लागते, पण तुमच्या फळ्या तयारच हायेत. मशीनच्या भानगडीत एवढ्यात पडू नका. आन् दारातले खिळे आधी काढा. एक जरी राहिला तरी दाते बरबाद.

मंजुषा : आणि उंची किती ठेवू?

अप्पाराव : त्यांना खुर्चीत बसवून कोपराखाली माप घ्या. त्यांना सांगितलंय ना?

मंजुषा : अजून नाही.

अप्पाराव : सांगा ताई. मापापेक्षा ते जरुरी हाय.

(पुढच्या रविवारी, मंजुषाच्या घरी. गॅलरीत भुसा पडलेला आहे.)

चतुराबाई : सकाळधरनं काय करकर लावलीस गं? अन् हे काय, एवढं बुटकं?

मंजुषा : ओटा आहे, आत्याबाई. अठ्ठावीस इंचांचा. तुमची खुर्ची खाली जाईल बघा, गुडघ्याला लागणार नाही. वर कडप्पा टाकला की शेगडी बसते.

चतुराबाई : त्या दिशी टेप लावून माझं कोपर मोजलंस, ते ह्याच्यासाठी व्हय? म्हनलीस, ब्लाऊज शिवायचंय.

मंजुषा : चुकलं माझं. नाही म्हणाल म्हणून बोलले नाही.

चतुराबाई : मग आता म्हनते. नगं मला.

मंजुषा : का पण?

चतुराबाई : डाक्टर काय म्हनला? जखम भरली की पाय बसवू. उभं ऱ्हाता येईल म्हनला. अन् तू घरात बुटका ओटा करायलीस. म्हंजी तुमच्या लेखी मी आता उठतच नाय. ठरलं तुमचं.

मंजुषा : असं नाही हो. जखम भरायला अजून चार-सहा महिने लागतील. तोवर तुम्ही दारातून बघत बसणार का? मला बघवत नाही.

चतुराबाई : (ओट्याच्या कोपऱ्याकडं वाकून बघत) थांब जरा.

मंजुषा : काय झालं? काय बघताय?

चतुराबाई : हालायलाय तो. त्या कोपऱ्यात हात ठिव.

मंजुषा : अरे देवा. एक पाय आखूड कापला मी.

चतुराबाई : घ्या! माझ्यासारखाच झाला की.

मंजुषा : आत्याबाई!

चतुराबाई : हस की. मला येतंय हसू, तुला काय झालं? आता काय करनार, बाकीचे तीन कापनार?

मंजुषा : कापले तर आणखी खाली जाईल. ह्याच्याच खाली तुकडा जोडते. स्क्रू लावून.

चतुराबाई : स्क्रू लावून उंच होतंय व्हय?

मंजुषा : होतंय ना. अहो, चारही पायांना जोडता येईल! तुमचा पाय बसला, तुम्ही उभ्या राहिलात, की ह्यालाही उंच करू. तेव्हा माप तुम्ही सांगा. उभं राहून.

चतुराबाई : उभं राहून.

मंजुषा : हो. (तुकडा कापायला घेते.)

चतुराबाई : कशी कापायलीस गं? तुकडा सगळा थरथर हालायलाय. आण इकडं, ह्या स्टुलावर ठिव. मी दाबून धरते. हातात जोर हाय अजून माझ्या. गावाला, कन्नडला शेतात कडब्याच्या पेंढ्या फेकल्यात मी गाडीवर.

मंजुषा : बोटं सांभाळा.

चतुराबाई : तू रेघ सांभाळ. हां. सरळ चाललीस. सावकाश.

मंजुषा : झालं! बसला बघा. आता हलवून बघा.

चतुराबाई : नाय हालत. सरक जरा, खुर्ची घालून बघू दे... जाती की आत.

मंजुषा : मग? कसं वाटतंय?

चतुराबाई : चार महिने तुझ्या हातच्या भाकरी खायलेय. एक शब्द बोलले का?

मंजुषा : म्हणजे?

चतुराबाई : म्हंजी काय. परात आण.