पिहूला सायकल येत नाही

आमच्या घरचं सांगते तुले. डॉक्टरनं माझ्या सासऱ्यांले रोज चालाले सांगितलं, पण ते खुर्ची सोडतच नव्हते. मग माझी पोट्टी पिहू म्हणे, "आजोबा, मुझे सायकल सिखाओ." तेव्हापासून रोज संध्याकाळी ते सीट धरून तिच्या मागं चालतात.

परवा दुपारी मी सदर बाजारातून येऊन राहिली होती, तर पिहू गल्लीत एकटीच मजेत सायकल चालवून राहिली.

म्हटलं, "तुले तर येते. मग आजोबाले काहून दमवतं?"

"धीरे बोलो मम्मी. सीख गई बोलूंगी तो आजोबा चलेंगे नहीं."

संध्याकाळी सासरे चप्पल घालता घालता मले हळूच म्हणाले, "पोट्टीले सायकल कधीचीच येते. मले समजलं म्हणून तिले सांगू नको, नाहीतर ती मले संग नेणार नाही."